लेन बदलली म्हणून कलम १८४ चं चलान: भरून टाकायचं की कोर्टात जायचं? (नाशिक, मुंबई-आग्रा महामार्ग)

मधुमालती
२२ ऑक्टोबर २०२४

नमस्कार. मी पाथर्डी फाट्याजवळ राहते, नोकरी गोंद्याच्या एका कंपनीत. रोज सकाळी विल्होळी, वाडीवऱ्हे करत जायचं आणि संध्याकाळी त्याच रस्त्याने परत यायचं. गाडी मीच चालवते. आजवर एकही चलान नव्हतं.

परवा घरी येताना दिवेलागण झाली होती. पाऊस नुकताच थांबलेला, रस्ता ओला. मी डाव्या लेनमध्ये होते. पुढे एक बंद पडलेला कंटेनर, अर्धा कडेला आणि अर्धा माझ्या लेनमध्ये. मागचे दिवे बंद, त्रिकोण नाही, रिफ्लेक्टरच्या पट्ट्या चिखलाने माखलेल्या. मागे फक्त दोन मोठे दगड ठेवलेले आणि त्यांच्या मध्ये खोचलेली बाभळीची फांदी. ती फांदी हेडलाइटच्या उजेडात आली तेव्हा कळलं की हा चालत नाहीये, उभा आहे. आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला, वेग कमी केला आणि उजव्या लेनमध्ये आले. मागून एक पांढरी जीप जोरात येत होती. तिने करकचून ब्रेक मारला, हॉर्न वाजवला. कंटेनर मागे पडल्यावर मी परत डावीकडे आले आणि जीप निघून गेली. कुणाला धक्का लागला नाही.

पुढे थोड्या अंतरावर पोलिसांचं पथक उभं होतं. मला बाजूला घेतलं, लायसन्स ठेवून घेतलं, पावती दिली, आणि मोबाइलवर चलानचा मेसेज आला: धोकादायक वाहन चालवणे, कलम १८४. मी कंटेनरबद्दल सांगितलं तर "ते आम्ही बघतो, तुम्ही लेन कापली ना?" एवढंच उत्तर. त्यांच्यातला एक जण निघताना म्हणाला, "ताई, भरून टाका, विषय संपेल."

घरीही सगळे हेच म्हणतायत. पैशांचा प्रश्न नाही. पण मी धोकादायक गाडी चालवली हे माझ्या नावावर लिहिलं जाणं मला मान्य नाही. कंटेनरच्या मागे गाडी थांबवली असती तर ओल्या रस्त्यावर मागून कुणीतरी माझ्यावर येऊन आदळलं असतं.

असं चलान कुणी लढवलंय का? कुठे जायचं, कुणाला भेटायचं, किती दिवसांत? कृपया अनुभव सांगा.

*

सिडकोकर
२२ ऑक्टोबर २०२४

ताई, तुमचं म्हणणं पटतं, तरी भरून मोकळ्या व्हा असंच सांगेन. आमच्या शेजाऱ्यांनी असंच एक प्रकरण कोर्टात नेलं होतं. सीबीएसला (जुन्या बस स्टँडला) कोर्टात जायचं, गाडी लावायला जागा शोधायची, पुकारा होईपर्यंत व्हरांड्यात बसायचं आणि शेवटी पुढची तारीख घेऊन यायचं. प्रत्येक वेळी रजा टाकावी लागते. वकिलाची फी दंडापेक्षा जास्त होते. तुम्ही बरोबर होतात हे तुम्हाला माहीत आहे, तेवढं पुरे नाही का?

*

जुनी फाईल
२३ ऑक्टोबर २०२४

सिडकोकर, तुमचा सल्ला हेल्मेटच्या किंवा पार्किंगच्या चलानाला चालला असता. इथे चालणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी वकिली करतो, मोटार वाहनाची कामं बरीच पाहिली आहेत.

मधुमालती ताई, तुमच्यावर लावलेलं मोटार वाहन अधिनियमाचं कलम नीट समजून घ्या. महामार्गावर लेन कशी धरायची, कधी बदलायची, इशारा कसा द्यायचा हे सगळं 'मोटार वाहन (चालन) विनियम, २०१७' मध्ये आहे. तो विनियम मोडला तर कलम १७७अ लागतं. दंड ५०० ते १००० रुपये, कैद नाही. १८४ हा त्याच्या कितीतरी वरचा गुन्हा. पहिल्या वेळी १००० ते ५००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा झाला तर शिक्षा आणखी वाढते. घाबरवायला सांगत नाही. कुणाला इजा नसताना अशा प्रकरणात न्यायालय साधारणपणे दंडावर थांबतं. पण कोणत्या कलमाखाली आपण उभे आहोत हे माहीत हवं.

आता "भरून टाका, विषय संपेल" याबद्दल. तडजोड शुल्क भरून पोलिसांच्या पातळीवर मिटवता येतील अशा गुन्ह्यांची यादी कलम २०० मध्ये आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्या यादीत १८४ आहे, पण फक्त मोबाइल हातात धरून गाडी चालवण्यापुरतं. बेकायदा ओव्हरटेक, उलट दिशेने येणं, बेदरकार चालवणं यासाठी नाही. म्हणजे तुमच्यावर जो आरोप आहे तो पैसे भरून जागच्या जागी मिटवायचा विषयच नाही. तो न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जातो.

आणि खरी गोम लायसन्समध्ये आहे. त्याच दुरुस्तीने कलम २०६ ला पोटकलम (४) जोडलं. १८३, १८४, १८५ आणि आणखी काही कलमांखाली गुन्हा झाला असं वाटलं तर पोलिसांनी लायसन्स जप्त करून ते अपात्रतेच्या कारवाईसाठी परवाना अधिकाऱ्याकडे पाठवायचं. पुढे कलम १९(१अ): पहिला गुन्हा असेल तर तीन महिने अपात्रता, दुसऱ्यांदा झाला तर लायसन्स रद्द. दंडाचे पैसे कुणीही भरेल. गोंद्याला रोज गाडीने जाणाऱ्या माणसाने तीन महिने काय करायचं?

पण त्याच कलमात तुमचं म्हणणं ऐकून घ्यायची सक्ती आहे, आणि ऐकल्यावर तुम्हाला सोडून द्यायचा अधिकारही परवाना अधिकाऱ्याला आहे. निर्णय विरोधात गेला तर ३० दिवसांत अपील करता येतं. म्हणजे लढाई दोन ठिकाणी आहे, आरटीओत आणि कोर्टात. आरटीओची नोटीस आधी येईल असं धरून चला.

लायसन्स घेताना दिलेली पावती जपून ठेवा. कलम २०६(३) प्रमाणे लायसन्स परत मिळेपर्यंत, किंवा पावतीवर तारीख घातली असेल तर त्या तारखेपर्यंत, त्या पावतीवर गाडी चालवता येते. तारीख आजच तपासा. डॅशकॅम आहे का?

*

मधुमालती
२३ ऑक्टोबर २०२४

मनापासून आभार. लायसन्सचं हे कुणीच सांगितलं नव्हतं.

पावतीवर तारीख आहे, दीड महिन्याने संपते. डॅशकॅम आहे, पण फक्त पुढचा. काल रात्री चित्रण पाहिलं. कंटेनर दिसतो, फांदी दिसते, माझ्या लेनचा किती भाग त्याने अडवला होता तेही दिसतं. मागची जीप अर्थातच दिसत नाही. पण आवाज चालू होता, त्यामुळे इंडिकेटरची टिकटिक स्पष्ट ऐकू येते. गाडी उजवीकडे वळायच्या आधी टिकटिक सुरू होते. मग मागून हॉर्न.

*

आडगाव नाका
२३ ऑक्टोबर २०२४

ट्रान्सपोर्टचा धंदा आहे, आधी स्वतः गाडी चालवली. दोन्ही बाजूंनी बोलतो, ताई राग मानू नका.

आधी त्या कंटेनरवाल्याबद्दल. दगड आणि फांदी लावून निघून जाणारे ड्रायव्हर मी माझ्याकडे ठेवत नाही. गाडीत त्रिकोण असतो, तो काढून मागे लांबवर ठेवायला किती वेळ लागतो? अंधारात फांदी दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. इतरांना धोका होईल अशा ठिकाणी गाडी सोडणं हा कलम १२२ चा भंग आहे, आणि बंद गाडीने वाहतूक अडली तर कलम २०१ मध्ये दंड आहे. त्या दिवशी त्या कंटेनरवर काय कारवाई झाली, हे माहितीच्या अधिकारात नक्की विचारा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं.

आता दुसरी बाजू. मधुमालती ताई म्हणतात मागून जीप आली. जीप होती म्हणून थांबली. ताशी ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच वीस-बावीस मीटर गेलेले असतात, ब्रेक लागायला सुरुवात त्यानंतर. माझी भरलेली गाडी मागे असती तर ओल्या डांबरावर ती थांबली नसती. गोंदे ते विल्होळी मी असंख्य वेळा केलंय. कार एकदम समोर येते तेव्हा आमच्या पोटात गोळा येतो, कारण आम्हाला माहीत असतं की स्टेअरिंग फिरवलं तर आपली गाडी उलटेल आणि नाही फिरवलं तर समोरचा जाईल.

चलान लढवा, जरूर लढवा. पण कोर्टात "मी काही चुकीचं केलंच नाही" एवढंच सांगून भागणार नाही. मागच्याला तुम्ही किती अंतर दिलं, हा प्रश्न येणार.

*

एल बोर्ड
२४ ऑक्टोबर २०२४

आडगाव नाका यांच्याशी सहमत, आणि ताईंशीसुद्धा. मी इंदिरानगरला ड्रायव्हिंग शिकवते. मुलींना आणि बायकांना हायवेवर नेते तेव्हा हाच भाग सगळ्यात जास्त वेळ घेतो.

लेन बदलताना आमच्याकडे क्रम ठरलेला असतो: आतला आरसा, बाहेरचा आरसा, इंडिकेटर, मान वळवून खांद्यावरून एक नजर, आणि मग स्टेअरिंग. इंडिकेटर म्हणजे परवानगी मागणं. दिला म्हणजे मिळाली असं नाही. टिकटिक आणि वळण यांच्यामध्ये किती वेळ गेला, ते चित्रणावरून मोजा. मागच्याला वाचायला वेळ मिळाला होता का, हे त्यावरून ठरेल.

दुसरं, पट्टा बघा. लेनच्या मधला पांढरा पट्टा तुटक असेल तर लेन बदलायला मुभा आहे. अखंड असेल तर ओलांडायचा नाही. पूल, वळण, चढाचा माथा अशा ठिकाणी तो अखंड असतो. तुमच्या चित्रणात तो दिसेलच. त्यासाठी पुन्हा त्या जागी गाडी थांबवून फोटो काढायला जाऊ नका, एवढी विनंती. हायवेवर कडेला उतरणं हा स्वतंत्र धोका आहे.

आणि उजवी लेन ओव्हरटेकसाठी असते हे पुस्तकात खरं. आपल्या महामार्गावर अवजड गाड्या उजवीकडे ठाण मांडतात, मग लहान गाड्या डावीकडून काढतात, आणि डावीकडेच बंद पडलेली गाडी, भाताच्या शेतातून आलेला ट्रॅक्टर, नाहीतर उलट दिशेने येणारी दुचाकी समोर येते. ताईंनी डावी लेन धरली होती हे त्यांच्या बाजूने सांगण्यासारखं आहे. बरेच जण तेवढंही करत नाहीत.

*

मधुमालती
२४ ऑक्टोबर २०२४

तुमचं वाचून आज पुन्हा मोजलं. टिकटिक सुरू झाल्यापासून गाडी पट्टा ओलांडेपर्यंत तीन सेकंदांहून थोडं जास्त. पट्टा तुटक आहे, स्पष्ट दिसतो. स्क्रीनवर माझा वेग येतो, तो वळायच्या आधीच उतरायला लागलेला दिसतो.

आडगाव नाका दादा, राग नाही. आरशात पाहिलं तेव्हा जीपचे दिवे लांब होते. तिचा वेग किती होता ते मी सांगू शकत नाही आणि कोर्टात अंदाजही सांगणार नाही. माझ्यासमोर जे होतं आणि मी जे केलं तेवढंच सांगेन.

*

जुनी फाईल
२५ ऑक्टोबर २०२४

"अंदाज सांगणार नाही" हे फार चांगलं. कोर्टात माणूस फसतो तो अंदाज सांगताना.

चित्रणाबद्दल तातडीचं. डॅशकॅम जुन्या फायलींवर नव्या फायली लिहीत जातो. आजच कार्ड काढा, दुसरं घाला, आणि हे कार्ड जसंच्या तसं पाकिटात ठेवा. त्यावरून एक प्रत काढून बाकी सगळं प्रतीवर बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली, कापलेली, बाण काढलेली फाईल पुरावा म्हणून देऊ नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय. पूर्वीच्या पुरावा कायद्यातल्या ६५ब च्या जागी आता कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग आहेत, भाग अ चित्रण सादर करणाऱ्याने भरायचा आणि भाग ब तज्ज्ञाने. फाईलचं हॅश मूल्यही (फाईल बदलली तर बदलणारा तिचा डिजिटल ठसा) नोंदवायचं असतं. संगणकाचं जाणणारा कुणीही ते काढून दाखवेल, पण प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याला त्याची जबाबदारी घ्यावी लागते.

१८४ च्या व्याख्येतला एक तुकडा तुमच्या कामाचा आहे. गाडी धोकादायक रीतीने चालवली की नाही हे ठरवताना त्या जागेचं स्वरूप, स्थिती, वापर आणि तेव्हाची वाहतूक अशी सगळी परिस्थिती विचारात घ्यायची असं कलमातच लिहिलंय. तुमचा कंटेनर या 'परिस्थिती'त मोडतो. मी काहीच केलं नाही असं म्हणायची गरज नाही. अडथळा होता, पट्टा तुटक होता, इशारा दिला, वेग उतरवला, म्हणून हे १८४ होत नाही. हे सांगायचं. उद्या न्यायालयाला वाटलं की मागच्याला थोडं अंतर कमी पडलं, तरी ते फार तर विनियमाच्या भंगापर्यंत येतं. १८४ आणि १७७अ यांच्यात जो फरक आहे त्यासाठी तुम्ही भांडताय.

समोरच्यांकडे काय पुरावा आहे तेही मागून घ्या. चलानच्या मशीनमध्ये घेतलेला फोटो बहुधा थांबवलेल्या गाडीचा असतो. थांबलेल्या गाडीच्या फोटोतून लेन कशी बदलली हे कळत नाही.

कलम २०९ चं काही जण विचारतील म्हणून आधीच सांगतो. १८३ किंवा १८४ खाली शिक्षा व्हायची तर गुन्ह्याच्या वेळी खटल्याचा विचार होईल अशी ताकीद दिलेली असावी, नाहीतर १४ दिवसांत नोटीस पाठवलेली असावी, नाहीतर २८ दिवसांत समन्स बजावलेलं असावं. ताईंना जागेवरच सांगितलं असल्याने या मुद्द्यावर फार भिस्त ठेवू नये. पण ज्यांना घरी बसल्या महिन्या-दोन महिन्यांनी १८४ चा कागद मिळतो त्यांनी हे कलम जरूर बघावं.

*

सिडकोकर
२५ ऑक्टोबर २०२४

माझा सल्ला मागे घेतो. लायसन्सचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पण मग लोकअदालत का नाही? आमच्या सोसायटीत बऱ्याच जणांना मोबाइलवर लोकअदालतीच्या नोटिसा येतात, तिथे जाऊन चलान निकाली काढतात. एका दिवसात काम होतं.

*

जुनी फाईल
२५ ऑक्टोबर २०२४

चांगला प्रश्न. लोकअदालत विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली चालते आणि त्याच्या कलम १९(५) च्या परंतुकात स्पष्ट आहे की तडजोड होऊ न शकणारा गुन्हा तिच्या अधिकारात येत नाही. तुमच्या सोसायटीतली चलानं सिग्नल, पार्किंग, हेल्मेट अशी असणार, ती तिथे जाऊ शकतात. शिवाय लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. ज्याला आपलं म्हणणं सिद्ध करायचंय त्याने तिथे जायचंच नाही. तिथे दोघांनी मिळून मिटवायचं असतं.

त्याच अधिनियमाचं कलम १२ मात्र मधुमालती ताईंना थेट उपयोगी आहे. मोफत वकील कुणाला मिळतो त्या यादीत महिला आहेत, आणि महिलांना उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. साधा अर्ज, चलानची प्रत, ओळखपत्र. पगार चांगला आहे म्हणून संकोच करू नका, कायद्याने दिलेला हक्क आहे.

*

द्राक्षबाग
२७ ऑक्टोबर २०२४

धागा वाचतोय, माझंही एक विचारून घेतो. पिंपळगावला असतो. माझ्या पिकअपवर कॅमेऱ्याचं चलान आलंय, लेन आणि वेग दोन्हीचं. त्या दिवशी गाडी भाच्याकडे होती. मेसेज घटनेनंतर बऱ्याच दिवसांनी आला. मी काय करू?

*

जुनी फाईल
२७ ऑक्टोबर २०२४

तुमचं वेगळं आहे, थोडक्यात सांगतो. कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याला केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १६७अ लागतो, २०२१ पासून. त्यात गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत नोटीस पाठवायची आहे, उपकरणाला मंजुरीचं प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नवं करायला हवं, कॅमेऱ्याच्या आधी रस्त्यावर तसा फलक हवा, आणि नोटिशीसोबत गाडीचा नंबर दिसणारा फोटो, उपकरणाने मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण. यातलं काय तुमच्याकडे आलं आणि काय नाही ते बघा. महाट्रॅफिकच्या अ‍ॅपवर तक्रारीची सोय आहे, तिथे मुद्देसूद लिहा.

गाडी कुणाकडे होती हे विचारलं तर मालकाने सांगणं कलम १३३ प्रमाणे बंधनकारक आहे. भाच्याचं नाव लपवायला जाऊ नका. लायसन्सवाल्याच्या हातात गाडी होती हे तुमच्याच बाजूने जातं.

*

आडगाव नाका
२८ ऑक्टोबर २०२४

एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी उपयोगी पडेल. राष्ट्रीय महामार्गावर बंद पडलेली गाडी, सांडलेलं ऑइल, मेलेलं जनावर काहीही दिसलं तर १०३३ ला फोन करा. चालू गाडीत नको, शेजारी बसलेल्याला करायला सांगा, नाहीतर पुढच्या ढाब्यावर थांबून करा. किलोमीटरचा दगड किंवा जवळचा फाटा सांगितला की त्यांना जागा सापडते. मी ड्रायव्हर लोकांना हे पाठ करायला लावलंय. कसाऱ्याहून धुकं घेऊन वर आलेला माणूस थकलेला असतो, त्याला फांदी दिसत नाही.

*

मधुमालती
९ डिसेंबर २०२४

बरेच दिवस लिहायचं राहिलं. थोडी बातमी आहे.

आरटीओची नोटीस आली, सुनावणी झाली. मी लेखी म्हणणं नेलं होतं. दीड पान, त्यात फक्त घडलेला क्रम, सोबत चित्रणातली स्थिरचित्रं वेळेसकट: कंटेनर पहिल्यांदा दिसतो तो क्षण, टिकटिक सुरू होते तो, वेग उतरलेला, तुटक पट्टा, आणि परत डावीकडे आल्याचा. अधिकाऱ्यांनी मूळ कार्डावरचं चित्रण दोनदा पाहिलं. दुसऱ्या वेळी आवाज वाढवायला सांगितला. मागच्या जीपबद्दल नेमकं तेच विचारलं जे इथे आधी विचारलं गेलं होतं. मी सांगितलं, दिवे लांब दिसले, वेग सांगता येणार नाही. त्यांनी मला सोडून दिल्याचा लेखी आदेश काढला आणि लायसन्स परत मिळालं. पावतीची मुदत संपायच्या आतच हे झालं.

माहितीच्या अधिकारातलं उत्तरही आलं. त्या दिवशी त्या जागी उभ्या वाहनावर कोणत्याही कारवाईची नोंद उपलब्ध नाही.

कोर्टाचं अजून बाकी आहे. समन्स आलं, पहिल्या तारखेला गुन्हा कबूल आहे का असं विचारलं, मी नाही म्हटलं. तेव्हा शेजारी उभे असलेले दोघे-तिघे माझ्याकडे बघायला लागले, कारण तोवर प्रत्येक जण कबूल म्हणून दंड भरायला जात होता. विधी सेवेतून वकीलबाई मिळाल्या आहेत, त्यांनी सगळे कागद शांतपणे वाचले. पुढच्या तारखेला पथकातल्या कर्मचाऱ्यांची साक्ष आहे.

एल बोर्ड ताई, तुमची ती "खांद्यावरून एक नजर" आता रोज होते. आमच्या कंपनीतल्या दोघी तुमच्याकडे यायचं म्हणतायत, इथेच निरोप पाठवते.

*

सिडकोकर
९ डिसेंबर २०२४

ताई, फार बरं वाटलं. आरटीओने सोडलं म्हणजे कोर्टातलंही आपोआप संपेल ना?

*

जुनी फाईल
१० डिसेंबर २०२४

आपोआप नाही. दोन्ही कार्यवाही स्वतंत्र आहेत. आरटीओचा आदेश कोर्टासमोर ठेवता येईल, पण न्यायालय आपल्यासमोर आलेला पुरावा बघूनच ठरवेल.

मधुमालती ताई, साक्षीच्या दिवसाबद्दल तुमच्या वकीलबाईंशी एका मुद्द्यावर आधी बोलून घ्या. त्यांच्या हे लक्षात असेलच, तरी लिहितो. उलटतपासणीत पोलीस खोटं बोलतायत असं सुचवायला जाऊ नये. त्याची गरज नाही आणि त्याने फायदाही होत नाही. विचारायचं ते एवढंच की पथक नेमकं कुठे उभं होतं, तिथून कंटेनर दिसत होता का, आणि दिसत नसेल तर गाडीने लेन का बदलली हे त्यांना कसं कळलं. तुम्ही लिहिलंत की पथक पुढे थोड्या अंतरावर होतं. मध्ये वळण आहे का? चित्रणात कंटेनर मागे पडल्यापासून पथक दिसेपर्यंत किती सेकंद जातात?

*

मधुमालती
१० डिसेंबर २०२४

आत्ता पाहिलं. मध्ये वळण आहे. कंटेनर मागे पडल्यावर अकरा सेकंदांनी त्यांच्या गाडीचा निळा-लाल दिवा दिसतो, त्याआधी दिसत नाही. उद्या सकाळीच वकीलबाईंना फोन करते.